फॉरेन ट्रिप: कार्डाचा रिफंड आणि खर्चाचे पैसे

व्हिसा रिजेक्ट झाला किंवा तारखा बदलल्या की हॉटेल कॅन्सल करावं लागतं, हॉटेलवाले मेल करतात की फुल रिफंड दिलाय, आणि मग आम्हा ट्रॅव्हलवाल्यांना फोन येतो, अहो दोन हजार कमी आलेत, तुम्ही कापलेत का? आम्ही कापत नाही, आणि बऱ्याचदा हॉटेलनेही कापलेले नसतात.

हिशोब बघा. समजा ४०० युरोचं बुकिंग आणि रेट ९५, म्हणजे ३८,००० रुपये. त्यावर बँकेचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो चार्ज, ३.५ टक्के धरला तर १,३३०, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून २३९. कार्डावर पडले ३९,५६९. महिन्याभराने ४०० च्या ४०० युरो परत आले पण तोवर रेट ९४ झाला तर जमा होणार ३७,६००, कारण रेट रिफंडच्या वेळचा लागतो आणि मार्कअप बहुतेक बँका परत देत नाहीत. गेले १,९६९. रेट वर गेला तर फटका कमी बसतो, कधी चार पैसे जास्तही येतात, तेव्हा मात्र कोणी फोन करत नाही :)

दुसरं, रिफंड येणारच आहे म्हणून बिल थांबवून ठेवू नका. ड्यू डेटच्या आत आला तर बिलातून वजा होतो, पण नाही आला आणि तुम्ही तेवढे पैसे कमी भरलेत तर व्याज लागतं, तेही फक्त तेवढ्याच रकमेवर नाही. आधी पूर्ण भरा. पंधरा-वीस दिवसांत काहीच दिसलं नाही तर हॉटेलकडून किंवा दुकानाकडून एआरएन मागा, हा २३ आकडी नंबर असतो, तो दिला की बँकेला पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. नुसतं 'रिफंड आला नाही' म्हणून कस्टमर केअरशी भांडण्यात अर्धा दिवस जातो.

हॉटेलचं डिपॉझिट हा वेगळा प्रकार, तो होल्ड असतो, म्हणजे पैसे कापत नाहीत, नुसते अडवून ठेवतात, चेकआउटनंतर सुटतो पण लगेच नाही. म्हणून डिपॉझिटला क्रेडिट कार्ड द्या, फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून घेतलेलं कार्ड) देऊ नका, नाहीतर फिरायचे पैसेच ब्लॉक होऊन बसतात. फॉरेक्स कार्डावरून काही घेऊन परत केलं असेल तर पैसे जमा होईपर्यंत ते कार्ड बंद करू नका.

पॅरिसला दुकानात मशीनवर दोन आकडे येतात, एक युरोत, एक रुपयांत, आणि सेल्समन गोड हसून रुपयेवाला दाबायला सांगतो. दाबू नका, तो रेट त्यांचा असतो आणि महाग असतो. एटीएमवरही तेच. क्रेडिट कार्डाने कॅश तर काढूच नका, फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून. आणि इंटरनॅशनल वापर अॅपमधून चालू केलाय ना ते घरूनच बघा.

युरोप टूरमध्ये स्वित्झर्लंड असेल तर फॉरेक्स कार्डावर थोडे फ्रँकही लोड करून घ्या, युरो लोड केलेलं कार्ड तिथे वापरलं की क्रॉस करन्सी चार्ज लागतो, आणि मग रोप-वेच्या तिकिटालाच ते कळतं. बहुतेक देशांसाठी नोटांच्या रूपात एका ट्रिपला ३,००० डॉलरपर्यंतच फॉरेन करन्सी मिळते, बाकी कार्डावर. फॉरेक्स घेताना रुपयांत कॅश ५०,००० पर्यंतच चालते, त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन ट्रान्सफर. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा घरी ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत विकायच्या.

फॉरेक्स आम्ही लायसन्सवाल्या मनीचेंजरकडून करून देतो. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकिटाची कॉपी घेऊन निघायच्या चार-पाच दिवस आधी या, आदल्या संध्याकाळी नको. व्हॉट्सअॅपवर रेट विचारलात तर सांगू, पण फायनल रेट पैसे जमा होतील त्या वेळचाच लागेल.