प्रीफेच (लिनक्स कर्नल)

पुढे लागणारा डेटा मेमरीतून आधीच कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) ओढून ठेवणं म्हणजे प्रीफेच. हे काम प्रोसेसर आपणहून करतो किंवा प्रोग्रामर कोडमध्ये तशी इन्स्ट्रक्शन टाकतो. इथे मुख्यतः दुसरा प्रकार बघायचाय, तोही लिनक्स कर्नलमधला, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला. डिस्कवरच्या फायली आधी वाचून ठेवणं (रीडअहेड, विंडोज एक्सपीतला प्रीफेचर वगैरे) हा वेगळा विषय.

कॅशच्या कल्पनेचं श्रेय बहुतेक ठिकाणी केंब्रिजच्या मॉरिस विल्क्सच्या १९६५ च्या ‘स्लेव्ह मेमरी’वरच्या (कॅशसाठी त्याने वापरलेलं नाव) छोट्या लेखाला देतात, पण खुद्द विल्क्सने त्यात गॉर्डन स्कॅरटचं नाव घेतलंय. बाजारात आलेलं पहिलं कॅशवालं मशीन म्हणून आयबीएम सिस्टिम/३६० मॉडेल ८५ (१९६८ ला जाहीर) सांगतात. कल्पना इंग्लंडची आणि विकायला आणली आयबीएमने, असं धरलं तर फारसं चुकत नाही.

आजच्या प्रोसेसरवर एल१ कॅशमधून (प्रोसेसरला सगळ्यात जवळची) डेटा साधारण ४-५ सायकलमध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत) मिळतो, मुख्य मेमरीतून आणायचा तर दोनशेच्या आसपास किंवा जास्त लागतात. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे नेहमीचे पीसी प्रोसेसर) कॅश लाइन, म्हणजे एकावेळी आणला जाणारा तुकडा, बहुधा ६४ बाइटची, म्हणजे एक बाइट मागितला तरी ६४ येतात. प्रोग्रामरच्या हातातली प्रीफेच इन्स्ट्रक्शन एक्स८६ वर एएमडीच्या थ्रीडीनाऊ या जादा इन्स्ट्रक्शनच्या संचासोबत १९९८ ला आली आणि इंटेलची पेंटियम ३ मधल्या एसएसई या तशाच संचाबरोबर १९९९ ला.

कर्नलमध्ये ती नेमकी कधी शिरली? प्रीफेच.एच या हेडरच्या डोक्यावर १३ नोव्हेंबर २००० ही तारीख आणि आर्यन व्हॅन डे व्हेन हे नाव आहे, ती तारीख फाइलची धरायची, कल्पनेची नाही. कर्नलच्या २.४ मालिकेत लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घटकात, म्हणजे नोडमध्ये, पुढच्याचा पत्ता असलेली यादी) फिरवणाऱ्या मॅक्रोतच (सगळीकडे वापरायच्या तयार कोडच्या तुकड्यात) प्रीफेच होतं, त्यामुळे कर्नलमधली जवळजवळ प्रत्येक लिस्ट फिरताना पुढच्या नोडचा पत्ता आधीच कॅशकडे जायचा. एएमडीच्या ॲथलॉन के७ सारख्या चिपच्या जमान्यात याचा फायदा होता असं मानतात.

मग २०११ ला हे सगळं काढून टाकलं गेलं. कर्नल डेव्हलपर अँडी क्लीन त्याआधीच म्हणत होते की आता याचा उपयोग नाही, पण मे २०११ मध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांना प्रोफाइल (कुठल्या कोडवर किती वेळ जातो त्याची नोंद) बघताना हॅश टेबलच्या (किल्लीवरून डेटा शोधायच्या तक्त्याच्या) साखळ्यांमध्ये, म्हणजे त्यातल्या छोट्या लिंक्ड लिस्टमध्ये, खर्च दिसला आणि विषय पेटला. हॅशच्या साखळीचा शेवट नल (‘पुढे काही नाही’ सांगणारा शून्य पत्ता) असतो, बहुतेक साखळ्या रिकाम्या किंवा एकाच नोडच्या, म्हणजे प्रीफेच बहुतेक वेळा नल पत्त्यावरच पडतं; त्या पत्त्यावर पान मॅप केलेलं नसतं म्हणून टीएलबीत (अलीकडे वापरलेल्या पत्त्यांच्या नोंदींची कॅश) काही सापडत नाही आणि एक्स८६ दरवेळी पेज टेबल (कुठला पत्ता मेमरीत कुठे आहे त्याचा तक्ता) चाळत बसतो. एक्सेप्शन (चुकीचा इशारा) येत नाही, वेळ मात्र जातो. दुसरे कर्नल डेव्हलपर इंगो मोलनार यांनी मोजून दाखवलं की नल वगळले तरी प्रीफेच तोट्यातच आहे. कारण सरळ आहे, पुढच्या नोडचा पत्ता कळायला आधी हा नोड यावा लागतो आणि लूपमध्ये काम इतकं थोडं की आधी मागवून फारसा वेळ हाती येत नाही, शिवाय आऊट-ऑफ-ऑर्डर (क्रम बदलून काम करणारा) प्रोसेसर मेमरीतून ते वाचणं स्वतःच आधी उरकतो. कर्नल ३.० मध्ये मॅक्रोतलं प्रीफेच गेलं. प्रीफेचच वाईट असाही सूर तेव्हा निघाला, तो अतिरेकी वाटतो, कारण त्याच वर्षाअखेरीस एरिक ड्युमाझेट यांनी स्लब ॲलोकेटरमध्ये (कर्नलला मेमरीचे छोटे तुकडे वाटणारा भाग) पुढच्या मोकळ्या तुकड्याचं प्रीफेच घातलं.

नेटवर्क ड्रायव्हरमध्ये ते अजून आहे आणि तिथे शोभतं. कार्डाने पॅकेट मेमरीत टाकलेलं असतं, हेडर वाचायच्या आधी इतर कामं असतात, तेवढ्यात लाइन येते. कर्नलमधलं नेट_प्रीफेच हे फंक्शन कॅश लाइन १२८ बाइटपेक्षा लहान असेल तर पुढची लाइनही मागवतं.

एक जुनी गंमत: प्रीफेचने कधीच फॉल्ट (पत्ता चुकीचा असल्याचा इशारा) द्यायचा नाही हा नियम, पण एएमडीच्या काही ॲथलॉन आणि ऑप्टेरॉन चिप कधीकधी खोटा फॉल्ट द्यायच्या, म्हणून असे फॉल्ट हाताळणाऱ्या कर्नलच्या कोडमध्ये (पेज फॉल्ट हँडलर) ‘ही इन्स्ट्रक्शन प्रीफेच तर नाही ना’ हे बाइट वाचून बघणारा कोड टाकावा लागला.

एआरएम आणि पॉवरपीसी या दुसऱ्या प्रोसेसर कुटुंबांवर अनुक्रमे पीएलडी आणि डीसीबीटी अशा इन्स्ट्रक्शन आहेत. जिथे खास सोय लिहिलेली नाही तिथे कर्नल जीसीसी या कंपायलरच्या अंगभूत प्रीफेच फंक्शनवर भागवतो.

फॉल्ट न देण्याचा हाच गुण २०१६ ला उलटला. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या डॅनियल ग्रुस आणि सहकारी संशोधकांनी दाखवलं की साध्या प्रोग्रामने कर्नलच्या पत्त्यांवर प्रीफेच मारून फक्त वेळ मोजला तरी कुठला पत्ता मॅप आहे ते कळतं, म्हणजे पत्ते इकडेतिकडे विखुरण्याचा बचाव फुटतो. त्यावर त्याच गटाने २०१७ ला कायझर हा बचाव काढला, त्यात युजर मोडमध्ये (साधे प्रोग्राम चालू असताना) कर्नलची पेज टेबलं जवळजवळ सगळी काढूनच टाकतात, आणि मेल्टडाऊन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या गडबडीत तेच बदलून पेज टेबल आयसोलेशन या नावाने कर्नल ४.१५ मध्ये आलं.