भोक पुरेल की कवटी उघडायची?

मेंदूवर साचलेलं रक्त काढायचं म्हणजे दर वेळी कवटी उघडावी लागते असं नाही. रक्त किती जुनं आहे यावर बरंच ठरतं. ताजी गाठ जेलीसारखी घट्ट असते, भोकातून ती बाहेर येत नाही. मग हाडाचा तुकडाच कापून बाजूला घ्यावा लागतो. तेच रक्त दोन-तीन आठवडे मुरलं की पातळ होतं, गाडीच्या जळक्या ऑइलसारखं काळपट, आणि मग भोक पुरतं.

ते आपोआप जिरत का नाही? थोडं असेल तर जिरतंही. पण पुष्कळदा त्याभोवती पडदा धरतो. त्या पडद्यातल्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्या पाझरत राहतात आणि साठा वाढतच जातो. हे जास्त करून म्हाताऱ्या माणसांत दिसतं. वयानुसार मेंदू आकसतो, त्याला ड्युरा या जाड आवरणाशी जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात, आणि दाराची चौकट लागण्याइतक्या धक्क्यानेही एखादी तुटते. पुढे चालताना तोल जातो, एक हात जड पडतो, बोलण्यात घोळ होतो. घरचे म्हणतात, वय झालं!

सीटी स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, जुनं काळं. मधल्या काळातलं मात्र मेंदूच्याच करड्या रंगाचं असतं, आणि तिथे नजर फसते. अशा वेळी मेंदूची मधली रेषा सरकली आहे का, ते बघायचं.

रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. मग कवटीला साधारण १४ मिलिमीटरची दोन भोकं, एक पुढे, एक मागे. हाड संपताच ड्रिल स्वतःहून थांबतो. ड्युराला अधिकाच्या चिन्हासारखी चीर दिली की दाबाखालचं रक्त उसळून येतं. इथे घाई नडते: दाब एकदम उतरला तर मेंदूत नवा रक्तस्राव होऊ शकतो. नंतर कोमट सलाईनने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं.

शेवटी मऊ ड्रेन, म्हणजे निचऱ्याची नळी ठेवतात, सहसा ४८ तास. तिला जोडलेली पिशवी डोक्याच्या पातळीखाली असते. या साध्या नळीला कमी लेखू नये. केंब्रिजमधल्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड्रेन असलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के रुग्णांत रक्त पुन्हा साचलं, नसलेल्यांत २४ टक्के.

दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये पोकळी दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. कित्येक आठवडे दबलेला मेंदू लगेच फुलत नाही. स्कॅनपेक्षा हाताची पकड सुधारतेय का ते पाहावं. ती पुन्हा ढिली पडली, तर बहुतेक वेळा तेच भोक परत उघडून धुता येतं.