काडतूस पुनर्भरण (दारू व गोळीची निवड)

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवून तिच्यात नवी टोपी (ठोका बसताच ठिणगी देऊन दारू पेटवणारा भाग), नवी दारू आणि नवी गोळी बसवणे, म्हणजे काडतूस पुनर्भरण. काडतुसाच्या चार भागांपैकी पुंगळी तेवढी मागे उरते, बाकी तिन्ही एका बारात संपतात. अमेरिकेत आणि फिनलंडमध्ये हौशी नेमबाज हे काम घरच्या टेबलावर करतात. भारतात ते परवान्याशिवाय गुन्हा आहे. तरीही खानदेशला (जळगाव, धुळे, नंदुरबार) हा विषय दोन बाजूंनी जवळचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याला ठासणीची बंदूक होती आणि भुसावळ तालुक्यात वरणगावची आयुधनिर्माणी आहे.

ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार हा एका अर्थी पुनर्भरणच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा. गजाने ठासायचे आणि मागच्या बाजूला टोपी बसवायची. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू मापाने घेतली जाते, तोलून नाही. ती थोडीफार चूक पोटात घालते. जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो, म्हणून धूर दाट होतो आणि नळी लगेच काळी पडते. ‘माप अंदाजाने घ्यायचे’ ही सवय याच दारूने लावली. रायफलीच्या बाबतीत तीच सवय जीवघेणी ठरते.

1884 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्येय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून धूररहित दारू तयार केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याच्या लेबेल रायफलीत ती आली. आकारमान तेवढेच असले तरी या दारूत काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा असते. 7.62 मिमी रायफलीच्या कोठीतला (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतला) दाब चौरस इंचाला 60,000 पौंडांच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो साधारण 30 असतो. ही दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. काळ्या दारूच्या मापाने धूररहित दारू ठासणीच्या बंदुकीत भरली तर नळी फुटू शकते, आणि फुटते ती बंदूक धरणाऱ्याच्या डाव्या हातापाशी.

दारू निवडताना पहिला प्रश्न तिच्या जळण्याच्या वेगाचा. पिस्तुलाची नळी आखूड आणि गोळी हलकी, म्हणून तिथे झटपट जळणारी दारू लागते. रायफलीत मोठी पुंगळी, लांब नळी आणि जड गोळी असते. तिथे दाब हळूहळू चढून गोळीला लांबवर ढकलत राहायला हवा, म्हणून सावकाश जळणारी दारू. हा वेग दाण्याच्या आकारावर, त्याच्यातल्या छिद्रावर आणि वरच्या लेपावर ठरतो. दोन दारू दिसायला अगदी सारख्या असूनही वागायला परक्या असू शकतात; रंग आणि दाणा पाहून दारू ओळखतो म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची ती एकघटकी आणि नायट्रोग्लिसरीनही असलेली ती द्विघटकी. द्विघटकीत जोर अधिक, पण ती अधिक तापट जळते आणि नळीची झीज वाढवते.

खानदेशच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब तापमानाची. परदेशी पुनर्भरण-पुस्तिकांतली मापे साधारण 21 अंश सेल्सिअसला घेतलेली असतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहूनही कितीतरी वर. दारू तापलेली असेल तर ती वेगाने जळते आणि दाब वाढतो. थंडीत सुरक्षित असलेला बार उन्हाळ्यात मर्यादा ओलांडू शकतो. मग टोपी चपटी होते, पुंगळी कोठीत अडकते, कोठी बंद करणारा बोल्ट उघडता उघडत नाही. काही आधुनिक दारू उष्णतेला कमी दाद देतात, पण पूर्ण निर्विकार कोणतीच नाही. साठवणीतही उष्णता वैरीच. नायट्रोसेल्युलोज आपणहून विघटित होत असते. त्याला आवर घालायला डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक मिसळतात, ते उन्हाळ्यागणिक लवकर खर्ची पडते. आंबट उग्र वास किंवा तांबूस भुकटी दिसली की दारू गेली म्हणून समजावे.

गोळी निवडताना वजनापेक्षा लांबी आणि नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या चरांचा) पीळ यांचे जमणे निर्णायक असते. लांब गोळीला स्थिर उडण्यासाठी वेगाने फिरावे लागते. 5.56 मिमीच्या जुन्या 55 ग्रेनच्या गोळीला 12 इंचांत एक फेरा पुरत असे. नंतरच्या अधिक लांब गोळ्यांसाठी तो 7 इंचांवर आणला गेला. नागरी परवान्यावर लष्करी बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) रायफल मिळत नसल्याने भारतात .315 बोअर चालते. तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे, गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जवळपास 16 ग्रॅम. गोळी बदलली की दारूचे मापही बदलते. तीच दारू, तेवढेच माप आणि वर अधिक जड गोळी, ही अपघाताची नेहमीची वाट.

टोपीचे दोन प्रकार आहेत. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे जुनी टोपी सुईने सहज निघते. बर्डन पद्धतीत बाजूला दोन छिद्रे, म्हणून ती काढणे किचकट. गंमत म्हणजे बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेने बॉक्सर उचलली आणि युरोपने बर्डन.

1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात. म्हणजे पुंगळ्यांचा डबा आणि काडतूस भरण्याचे हाताने चालवायचे दाबयंत्रही. विनापरवाना निर्मितीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप एवढी शिक्षा आहे. पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या रावेर-यावलच्या केळी बागायतदारालाही यातून सूट नाही. तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे; रानडुकराला मारण्याची परवानगी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते.

वरणगावची आयुधनिर्माणी 1964 ची. 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. रायफलींची लहान बोअरची काडतुसे ही तिची ओळख, आणि वरणगाव परिसरातल्या अनेक घरांचा पगार तिथूनच येतो. लष्करी काडतुसांच्या उत्पादनात दारूचे वजन कायमचे ठरलेले नसते. ठरलेला असतो तो गोळीचा वेग आणि दाबाची मर्यादा. दारूचा नवा लॉट आला की चाचणीच्या नळीतून बार काढून वजन नव्याने बसवतात, आणि काडतुसे तापवून त्यांचा दाब पुन्हा तपासतात.