आधुनिक पाश्चात्त्य विज्ञान : तात्त्विक उगम

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात निसर्गाला विचारायचा प्रश्नच बदलला. आधुनिक विज्ञानाचा उगम या बदलात आहे. त्याआधी कुणी निरीक्षण करीत नव्हते, हा समज खरा नाही. कोंबडीच्या अंड्यात तिसऱ्या दिवशी ठिपक्याएवढे हृदय धडधडताना दिसते, हे ॲरिस्टॉटलने टिपून ठेवले आहे. मात्र त्याचा मुख्य प्रश्न ‘कशासाठी?’ हा असे. दगड खाली पडतो, कारण विश्वाचा मध्य हे त्याचे स्वाभाविक स्थान. किती वेळात किती अंतर पडतो, हा हिशेब त्यात दुय्यम.

१२७७ मध्ये पॅरिसचा बिशप एत्येन तांपिये याने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. मागे पोकळी राहील म्हणून ईश्वरालाही आकाश सरळ रेषेत हलवता येणार नाही, हे त्यांतलेच एक. आधुनिक विज्ञानाचा जन्म याच बंदीतून झाला, हे विज्ञानाचा फ्रेंच इतिहासकार प्येर द्यूएम याचे मत जरा ताणलेलेच. पण ॲरिस्टॉटलने अशक्य ठरवलेले कल्पून पाहायला तिने वाव दिला, एवढे खरे. पुढच्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील विद्वानांनी एकसारख्या वाढत्या वेगाचा नियम मांडला आणि निकोल ओरेमने तो आकृती काढून सिद्ध केला. गोळी घरंगळवून पाहण्याची गरज मात्र त्यांना वाटली नाही.

ती गॅलिलिओला वाटली. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत त्याने बोटभर रुंद खाच पाडली, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावले आणि तुळई तिरकी ठेवून काशाची गोळी सोडली. सरळ पडणारी वस्तू मोजायला फार वेगवान, म्हणून हा उतार. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने गळणारे पाणी. तेवढ्या वेळात जमलेले पाणी तो तराजूत तोलायचा. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे निघाले. गोळी का पडते, हा वाद त्याने मुद्दाम बाजूला ठेवला. हे सारे १६३८ मध्ये लायडन येथे छापले गेले. तेव्हा तो चर्चच्या आदेशाने नजरकैदेत होता.

इंग्लिश तत्त्वज्ञ बेकनने (१६२०) पद्धतशीर प्रयोगांचा आग्रह धरला, तर फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने (१६४४) पदार्थाचे मूळ लक्षण विस्तार एवढेच मानून निसर्गाचे यंत्र केले. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचे गणित मांडले, पण त्याचे कारण सांगण्याऐवजी ‘मी गृहीतके रचत नाही’ असे ‘प्रिन्सिपिया’ या आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लिहून टाकले. स्पर्शावाचून ओढणारे हे बळ म्हणजे जुन्या पंडितांची गूढ शक्तीच, हा जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सचा आक्षेप होता.