पगारवाढ: गेटवरून केबिनमध्ये

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या आयटी कंपन्यांत, हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात एकच विषय असतो: अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन आणि त्यावर ठरणारी पगारवाढ. कुणाला किती टक्के मिळाले हे कुणी उघड सांगत नाही, पण चहाच्या टपरीवर सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. तिकडे चाकण-भोसरीच्या एखाद्या कारखान्यात वेतनकरार झाला की गेटवर फटाके वाजतात, पेढे वाटले जातात आणि करारातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. शहर एकच, पण पगार मागायच्या या दोन रीती एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. दुसरी रीत जुनी आहे, आणि पहिलीतलं एकटेपण कुठून आलं ते कळायला तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

पुण्याला कारखान्यांचं शहर म्हणून ओळख मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, पण पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली 1954 साली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात पिंपरी-चिंचवडचा पट्टा भरत गेला. तोवर ‘योग्य पगार म्हणजे किती?’ या प्रश्नाला देशपातळीवर उत्तर मिळालेलं होतं. 1948 च्या न्याय्य वेतन समितीने किमान वेतन, न्याय्य वेतन आणि जीवनवेतन अशा तीन पायऱ्या ठरवल्या. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने तर किमान वेतनाचा हिशेबच मांडून दिला: एका कमावणाऱ्याच्या कुटुंबासाठी तीन प्रौढांइतकं खाणं, माणशी 2700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 यार्ड कापड, शिवाय घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. त्या परिषदेचा ठराव सगळीकडे पाळला गेला असं नाही. तरी एक गोष्ट पक्की झाली. पगार ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही. तो मांडून दाखवता येतो, त्यावर भांडता येतं. महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला, बेसिक ग्रेडप्रमाणे, करार साधारण तीन वर्षांचा. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला किती मिळतं हे विचारायचीही गरज नसे, ग्रेड कळली की पगार कळला.

बढतीचं गणित मात्र कधीच एवढं सरळ नव्हतं. युनियनमधल्या चलाख माणसाला सुपरवायझर केलं की तो आपसूक युनियनबाहेर जायचा. हा डाव इतका सर्रास चाले की कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्यात संघटनेच्या कामामुळे बढती नाकारणं ही अनुचित प्रथा ठरवली आहे. कामगारांत फूट पाडण्यासाठी लायकी नसलेल्याला बढती देणं, हीदेखील. गुणवत्ता डावलून एका गटाला झुकतं माप देणं, हेही त्याच कायद्यात आहे. साहेबाच्या मर्जीतल्या माणसाबद्दल आज कॅन्टीनमध्ये जे बोललं जातं, ते कायद्याच्या भाषेत तेव्हाच लिहिलं गेलंय.

फूट पाडली की काय होतं, ते पुण्याने 1989 साली टेल्कोत पाहिलं. आजची टाटा मोटर्स ती. राजन नायर यांच्या नेतृत्वाखालची संघटना आणि व्यवस्थापन यांचा संघर्ष विकोपाला गेला होता. व्यवस्थापनाने दुसऱ्याच संघटनेशी वेतनकरार केला. नायर यांच्या मागचे कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले आणि सप्टेंबरअखेर पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. त्यानंतरची पुण्यातली कामगार चळवळ पूर्वीसारखी राहिली नाही, असं माझं मत. दोनच वर्षांत उदारीकरण आलं, हा योगायोगही लक्षात ठेवायला हवा.

कारखान्याच्या गेटबाहेरही ही लढाई चालूच होती, आणि तिथली पुण्याची कामगिरी खरं तर जास्त अस्सल आहे. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीची पार्श्वभूमी असलेला माथाडी कायदा 1969 चा. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, पुढे त्यांची संघटना उभी राहिली. धुणं वेगळं, भांडी वेगळी, फरशी वेगळी, प्रत्येकाचा दर वेगळा, वर दिवाळीला एक पगार बोनस. ‘ताई, घरात माणसं वाढली, आता भांड्यांचे वाढवा’ हे वाक्य ज्या खणखणीतपणे म्हटलं जातं, तितक्या खणखणीतपणे मॅनेजरशी बोलणारे इंजिनिअर मी तरी कमी पाहिलेत.

आयटीने सोबत आणला तो बेल कर्व्ह, म्हणजे रेटिंगच्या कोणत्या पायरीवर किती टक्के माणसं बसवायची हे आधीच ठरवून टाकणं. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी माणसांची वरचे 20, मधले 70 आणि तळाचे 10 टक्के अशी वाटणी रूढ केली. टीममधले सगळे चांगले असले तरी कुणीतरी तळाला जाणारच, हा त्यातला मूळ दोष. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही पद्धत सोडली. इकडे मात्र ‘कर्व्हमध्ये बसलं नाही’ हे उत्तर अजून ऐकू येतं. पगार गोपनीय, रेटिंग गोपनीय, मग तुलना कशाशी करायची? म्हणून वाढ मागायचा एकच खात्रीचा मार्ग उरला: दुसरीकडची ऑफर आणायची आणि राजीनामा टाकायचा.

यात कायद्याची एक जुनी फट आहे. औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण ‘कामगारा’ला होतं, आणि त्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा बसायचा, व्यवस्थापकीय काम करणारा बसायचा नाही. सुपरवायझर ठरावीक पगारापर्यंतच कामगार धरला जाई, ती मर्यादा 2010 मध्ये महिना 1,600 वरून 10,000 रुपये झाली. त्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, तिच्यातही हीच विभागणी आहे आणि मर्यादा 18,000 आहे. पदनाम काय आहे यापेक्षा माणूस प्रत्यक्ष काय काम करतो ते न्यायालयं पाहतात. तरीही व्हिजिटिंग कार्डवर ‘मॅनेजर’ छापलं गेलं, की शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयाची पायरी आपल्यासाठी नाही असं बहुतेकांना वाटतं.

स्त्री-पुरुषांना समान वेतनाचा कायदा 1976 चा, तो आता 2019 च्या वेतन संहितेत गेला. जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी ठेवून बाकीचं भत्त्यांत दाखवायचं, या सीटीसीच्या (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या) खेळाला त्यांनी चाप लावला, कारण आता पीएफ-ग्रॅच्युइटीच्या हिशेबात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर तो वरचा भाग वेतनातच धरला जातो. नोकरी सोडणाऱ्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा, नियुक्तिपत्र प्रत्येकाला द्यायचं. खासगी कंपनीत बढती कधी, कोणत्या निकषावर, आणि नाकारली तर कारण लेखी द्यायचं का, यावर मात्र या संहितांत काही नाही.