कोंबडीचे तेल आणि कबुतराची पूड

मुंबईत कबूतर खिडकीत असते आणि कोळीवाड्यांतल्या अंगणात अजूनही कोंबडी दिसते. दोन्ही पक्षी दिवसाचा बराच वेळ चोच पिसांत खुपसून बसतात, त्यामुळे दोघांचे चालले आहे ते अगदी एकच, असा समज सहज होतो. हेतू एकच, पिसांची निगा. पण त्यासाठी वापरलेले द्रव्य मात्र वेगळे.

कोंबडीच्या शेपटाच्या मुळाशी, पाठीच्या बाजूला, कातडीखाली दोन पाळ्यांची तेलग्रंथी असते आणि तिचे तोंड बोंडासारखे वर आलेले असते. (घरी कोंबड्या पाळणाऱ्यांना ते पहिल्यांदा गळूच वाटते.) कोंबडी मान मागे वळवून चोचीने ते बोंड दाबते, बाहेर आलेला मेणचट स्राव चोचीवर घेते आणि एकेक पीस चोचीतून ओढत तो पसरवते. स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोहोचणे शक्य नसल्याने ती डोकेच अंगावर घासते. या स्रावामुळे पिसे लवचीक राहतात आणि लवकर झिजत नाहीत. त्याने पक्षी भिजत नाही, हे मात्र अर्धसत्य आहे, कारण पाणी अडते ते मुख्यतः पिसांच्या तंतूंच्या बारीक गुंफणीमुळे, आणि तेल ती गुंफण शाबूत ठेवते. बदकाची ग्रंथी मोठी आणि पिसे दाट असतात. कोंबडी मात्र जुलैच्या पावसात चिंब भिजते.

कबुतराची ग्रंथी लहानच असते, आणि लक्का कबुतरात तर ती नसतेच. त्याचा भर पुडीवर असतो. त्याच्या अंगावरच्या काही मऊ पिसांपासून नखांच्याच द्रव्याची, म्हणजे केराटिनची, अत्यंत बारीक पूड तयार होते आणि ती सर्व पिसांवर पसरते. बंद काचेवर कबूतर आदळले की पंखांसह त्याची पांढुरकी आकृती काचेवर उमटते, ती याच पुडीची. खाडीकाठचे बगळेही अशीच पूड वापरतात.

कोंबडी धुळीत लोळते, तेव्हा तिलाही पूडच हवी असते असे वाटेल. पण ती धूळ बाहेरची असते, आणि पिसांवरचे शिळे, जादा तेल ती शोषून घेते. अंग झटकून उठल्यावर कोंबडी बहुधा पुन्हा चोचीने पिसे सारखी करू लागते, आणि अशा वेळी तिची चोच मधूनमधून शेपटाच्या मुळाशी जाताना दिसते.