ट्रंकेतलं मोरपीस आणि आईची हिशेबाची वही

नवरात्राच्या आधी आमच्या खानापूर भागात घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात आणि त्याच आठवड्यात माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. जूनपासून कोसळणाऱ्या पावसानं कापडाला, कागदाला, पत्र्याला धरलेली ओल घालवायची तर हाच काळ. यंदा अक्का माहेरी आली होती, म्हणून दोघींनी मिळून आमच्या शाळेच्या दिवसांची ट्रंक सोप्यात आणली. पाठ्यपुस्तकात दाबलेलं मोरपीस, केसांची फीत, मूठभर गजगे, चौकोनी पाच पैसे, खानापूर-बेळगाव बसचं भोक पाडलेलं तिकीट आणि तळाशी आईची हिशेबाची वही. रद्दीवाल्यानं या सगळ्याचे दोन रुपयेही दिले नसते. पण आठवण कशी टिकते, कशी बदलते आणि आपण काय जपायचं ठरवताना कुठे चुकतो, हे समजून घ्यायला या वस्तू पुरेशा आहेत.

झाकण उघडल्यावर काही दिसायच्या आत वास आला. जुना कागद, डांबरगोळी, गंज. "आपल्या पहिलीच्या वर्गाचा वास की गं हा," अक्का म्हणाली, आणि पाठोपाठ तिला तिथली गळकी कौलं आठवली, कोपऱ्यात निथळत ठेवलेली बाईंची छत्री आठवली.

डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस या केंद्रात जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाची वाट जवळची आहे. नाकातल्या पेशींचा संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात येतो आणि तिथून थॅलॅमसला वळसा न घालता भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डालापाशी आणि आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या परिसरात पोचतो. नाकातल्या पेशींवर वास ओळखणारे जे ग्राहक (रिसेप्टर) असतात, त्यांचं मोठं जनुक-कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये शोधून काढलं, त्याबद्दल त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. माणसात असे चालू अवस्थेतले ग्राहक साधारण 400 प्रकारचे आहेत. स्वीडनमधल्या योहान विलँडर आणि मारिया लार्सन यांनी 2006 मध्ये वयस्कर माणसांना शब्द, चित्रं आणि वास देऊन आठवणी विचारल्या. शब्द आणि चित्रांनी जाग्या झालेल्या आठवणी बहुतेक 11 ते 20 या वयातल्या होत्या. वासानं आलेल्या आठवणी मात्र वयाच्या दहा वर्षांआधीच्या. अक्काला दहावीचा वर्ग न आठवता पहिलीचा आठवला, तो या निष्कर्षाशी जुळतोच.

हा वास येतो कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. कागदातलं सेल्युलोज आणि लिग्निन सावकाश तुटत जातं, त्यातून फुरफुराल, व्हॅनिलिन अशी हवेत उडणारी संयुगं सुटतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मतिया स्ट्रलिच आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की अशा 15 संयुगांच्या प्रमाणावरून जुन्या कागदाची अवस्था त्याला हात न लावता सांगता येते. म्हणजे आपल्याला हवाहवासा वाटणारा जुन्या पुस्तकाचा वास हा त्या पुस्तकाच्या झिजण्याचा वास असतो. मला हे कळल्यापासून तो वास जास्तच जवळचा वाटतो.

आता मोरपीस. पुस्तकात ठेवून त्याला पेन्सिलीची टरफलं खायला घातली की त्याला पिल्लू होतं, असं आम्ही मनापासून मानायचो. पिल्लू झालं नाही, पण इतक्या वर्षांनी डोळ्याचा निळा-हिरवा रंग जसाच्या तसा होता. शेजारची लाल फीत मात्र विटून विटकरी झाली होती. फितीचा रंग रंगद्रव्याचा. प्रकाशानं आणि हवेनं त्याचे रेणू तुटतात आणि रंग उडतो. मोरपिसात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतंच. तिथे असतात मेलॅनिनच्या बारीक काळसर कांड्या, केराटिन या प्रथिनात ओळीनं बसवलेल्या, मधे हवेच्या पोकळ्या. या कांड्यांमधलं अंतर ठरवतं की कोणत्या रंगाचा प्रकाश परत फिरेल. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, तसाच हा मामला. शांघायच्या फूदान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये मोजलं, तेव्हा निळ्या भागात हे अंतर सुमारे 140 नॅनोमीटर आणि हिरव्या भागात सुमारे 150 नॅनोमीटर निघालं. दहा नॅनोमीटरच्या फरकानं निळ्याचा हिरवा होतो! रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली मोरपीस पाहून नोंदवलं होतं की ते पाण्यात भिजवलं की रंग नाहीसे होतात. रंग रचनेचा आहे, म्हणून रचना शाबूत आहे तोवर तो राहतो.

मोरपीस माझं की अक्काचं, यावर मात्र वाद झाला. मला ते जांबोटीच्या वाटेवर सापडल्याचं स्वच्छ दिसतं. अक्का म्हणते, "मला सापडलं होतं, तू घरी होतीस, तुला ताप होता." दोघींना जागा तीच आठवते, झुडूपही तेच. असं होणं नवलाचं नाही. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी 2001 मध्ये जुळ्या भावंडांवर केलेल्या अभ्यासात बऱ्याच जोड्यांमध्ये एकाच प्रसंगावर दोघेही हक्क सांगत होते. 'ते माझ्याबाबतीत घडलं' असं दोघांनाही खात्रीनं वाटत होतं. ऐकलेली गोष्ट मनात चित्रासारखी उभी राहिली की पुढे ती पाहिलेली वाटू लागते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्येच मांडलं होतं की आठवणं म्हणजे साठवलेलं जसंच्या तसं बाहेर काढणं नव्हे, दर वेळी ते नव्यानं उभारलं जातं. 2000 मध्ये करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवणसुद्धा जागी केल्यावर काही काळ कच्ची होते, आणि पुन्हा पक्की व्हायला मेंदूत नवी प्रथिनं बनावी लागतात. ती बनू दिली नाहीत तर आठवण पुसट होते.

म्हणून मला ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू वाटली ती हिशेबाची वही. ती कुणाच्या सांगण्यानं बदलत नाही.

शिसपेन्सिलीनं लिहिलेली, लांबट, कोपरे दुमडलेली वही. एक पान असं: चिरमुरे, गूळ, शेंगतेल, रॉकेल. त्याखाली 'पोस्टकार्डं 4 – 60 पैसे'. त्याखाली 'पोरींना सुटे – 10 पैसे'. आणि पानाच्या कडेला, हिशेबाशी काही संबंध नसताना, आईच्या अक्षरात तीन शब्द: 'पाऊस. जळण ओलं.'

आमच्याकडे लग्नाचे अल्बम आहेत, बेळगावच्या गणपतीच्या रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीतले फोटो आहेत. ते आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत आणि ते प्रसंग तसेही आठवतातच. ओल्या जळणाचा फोटो कुणी काढलेला नाही. त्या तीन शब्दांनी मात्र धुरानं भरलेलं स्वयंपाकघर, फुंकणी, आईचे लाल डोळे, उशिरा झालेली भाकरी, शाळेला झालेला उशीर असं सगळं एकामागोमाग आलं. अक्का कितीतरी वेळ ते पान धरून बसली होती.

यावर नेमका अभ्यास झाला आहे. हार्वर्डमध्ये टिंग झँग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या वेळच्या साध्यासुध्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या: नुकतंच झालेलं एखादं बोलणं, सध्या ऐकत असलेली गाणी, मित्रांमधला एखादा विनोद, परीक्षेतला एक प्रश्न. तीन महिन्यांनी हे वाचायला कितपत आवडेल, याचा अंदाजही घेतला. तीन महिन्यांनी प्रत्यक्ष वाचताना त्यांना अंदाजापेक्षा जास्त उत्सुकता आणि जास्त आनंद वाटला. पुढच्या एका प्रयोगात प्रेमसंबंधात असलेल्या लोकांनी जोडीदारासोबतच्या एका साध्या दिवसाबद्दल आणि व्हॅलेंटाइन डेबद्दल लिहिलं. खास दिवसाबद्दलचा अंदाज बराचसा बरोबर निघाला, साध्या दिवसाबद्दलचा कमी पडला. आणखी एका प्रयोगात लोकांना निवड दिली: आज काय घडलं ते लिहा किंवा एक व्हिडिओ बघा. बहुतेकांनी व्हिडिओ निवडला. महिन्याभरानं विचारलं, तेव्हा व्हिडिओ बघण्यापेक्षा त्या दिवशीचं लिहिलेलं वाचायला आवडेल म्हणणारे निम्म्याहून जास्त होते.

साधा दिवस आपल्याला इतका ओळखीचा असतो की तो विसरला जाईल असं वाटतच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅरिगोल्ड लिंटन यांनी 1972 पासून सहा वर्षं रोज आपल्याच आयुष्यातल्या किमान दोन घटना लिहून ठेवल्या आणि अधूनमधून स्वतःचीच परीक्षा घेतली. एकसारख्या घटना वाढत गेल्या तशा त्या वेगवेगळ्या आठवेनाशा झाल्या, त्यांची मिळून एकच ढोबळ आठवण उरली. आईनं चूल हजारो वेळा पेटवली असेल. त्यातली एकही सकाळ वेगळी काढून दाखवा म्हटलं तर मला जमलं नसतं. वहीतल्या नोंदीनं एक सकाळ सुटी करून दिली. पहिला पगार, नवं घर, सत्काराचा नारळ याची नोंद ठेवणारे आपण, सगळ्यात जास्त वेळ जिथे जातो त्या रोजच्या जगण्याची नोंद ठेवत नाही, हे मला आपलं मोठं नुकसान वाटतं.

गजग्यांनी वेगळंच दाखवलं. हे राखाडी, दगडासारखे टणक बी. त्याचं कवच पाणी आत शिरू देत नाही, म्हणून ते समुद्रात पडलं तर तरंगत दूरच्या किनाऱ्यालाही लागतं आणि तिथे रुजू शकतं. अक्कानं ते हातात घेतले, एक वर उडवला आणि खालचे उचलताना मोजू लागली: "ओंदु, यरडु, मूरु, नाल्कु..." आमच्या घरात आकडे मराठीतच. पण गजगे ती शेजारच्या कन्नड मैत्रिणीकडून शिकली होती. कन्नडमध्ये मोजता मोजता तिला त्या मैत्रिणीच्या आजीचं नाव आठवलं, त्यांच्या अंगणातला कट्टा आठवला. आधी तासभर मराठीत बोलताना यातलं काही आलं नव्हतं.

कॉर्नेल विद्यापीठात व्हिओरिका मॅरिअन आणि उलरिक नाइसर यांनी 2000 मध्ये रशियातून अमेरिकेत आलेल्या दुभाषिक विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. रशियन भाषेत विचारलं की रशियन बोलताना घडलेल्या गोष्टी जास्त आठवायच्या, इंग्रजीत विचारलं की इंग्रजीतल्या. आठवण ज्या परिस्थितीत बनते तिचाच एखादा धागा हाती असला की ती लवकर सापडते, आणि भाषा हा त्यातला भक्कम धागा. आपल्या सीमाभागात घरात मराठी, दुकानात कन्नड, शेजारी उर्दू, खानापूरच्या पश्चिमेला कोकणी, असं सगळं एकाच दिवसात होतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबलेल्या किंवा गोकाकच्या गिरणीत काम केलेल्या घरातल्या म्हाताऱ्यांना जुनं विचारायचं असेल, तर कामावर जी भाषा चालायची तिच्यात विचारून पाहा. भाषेच्या वादात आपल्याकडे बरंच आयुष्य गेलं आहे. एकाच माणसाच्या आठवणी दोन-तीन भाषांत राहतात, हे त्या वादात क्वचितच कुणी बोलतं.

आता जपण्याविषयी. आपल्याकडच्या पावसात खरा शत्रू ओल. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर रेंगाळली की कागदावर बुरशी धरते, आणि खळ लावून चिकटवलेल्या बांधणीवर कसर तुटून पडते. कपड्यांना ऊन दाखवावं, पण कागद आणि फोटो सावलीत, वाऱ्याला ठेवावेत, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी कागदातलं लिग्निन पिवळं पडतं. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाकाव्यात, त्यांचा गंज कागद खातो. रबर बँड वितळून चिकटतात, त्याऐवजी सुती दोरा. पाच पैशांच्या नाण्याची काळजी नको, ते अ‍ॅल्युमिनियमचं. त्याच्यावर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा पातळ थर त्याला सांभाळतो. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीनं, दाब न देता. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बन, ते ना ओलीनं फुटतं ना प्रकाशानं उडतं. आईची वही वाचता आली ती त्यामुळेच.

आजच्या कागदांचं काय करायचं, हा प्रश्न जास्त अवघड आहे. दुकानातली बिलं आता थर्मल कागदावर येतात. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या लेपातलं रंगहीन द्रव्य छपाईयंत्राच्या उष्णतेनं काळं होतं, आणि उष्णता, प्रकाश किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या तेलकट द्रव्यांमुळे काही वर्षांत पुन्हा फिकं पडतं. अक्काच्या पर्समध्ये त्या दिवशीचं बसचं तिकीट होतं, तेही असंच. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे त्या तिकिटावर भाडं शून्य छापलेलं. असं तिकीट आईनं कधी पाहिलं नाही. ते आम्ही ट्रंकेत टाकलं, पण त्याआधी त्याच्यावरचा सगळा मजकूर तिच्या वहीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं उतरवून घेतला: तारीख, बेळगाव ते खानापूर, भाडं शून्य, खिडकीजवळची जागा मिळाली, शेजारची बाई लोंढ्याची होती आणि वाटभर मुलीच्या बाळंतपणाबद्दल बोलत होती.